डाव्या कानावरची गाठ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टिंगल केली. "पुढच्या वेळी दिसलं तर चहाला बोलवा" म्हणायचे. आजही असलं काही मानत नाही... तरी लिहितेय, कारण मनातून जात नाही.

आदिलाबाद जिल्ह्यातलं बाजारहत्नूर आमचं माहेर. वडिलांची भाजीची वाडी. धाकटी बहीण वंदना पहिल्या बाळंतपणाला आली आणि आई नाही म्हणून तिचं सगळं करायला मी. वंदना तान्ही असतानाच आई वाडीतल्या विहिरीत गेली. पाय घसरला, असं सगळे सांगतात. घरात तिचा फोटोसुद्धा नाही.

वंदनाला मुलगी झाली. पण ती बाळाकडे बघेना, जेवेना, झोपेना. नुसती आढ्याकडे पाहत पडून राहायची. बाबा म्हणाले, "बाहेरचं लागलं असंन. वारं लागू देऊ नोको तिले." मग उशाखाली विळा, खोलीचं दार बंद, कान घट्ट बांधलेले.

त्या दुपारी तिच्या कानांना फडकं मीच बांधलं — हनुवटीखाली गाठ, सगळ्या बायका मारतात तशी. स्वयंपाकघरातून खीर घेऊन आले, तर गाठ डाव्या कानावर!

तशी गाठ फक्त आई मारायची. हनुवटीखाली तिला टोचायचं. वंदनाच्या वेळी बाळंतीण असताना ती फडकं बांधायची, तेव्हा शेजारी बसून मी बघायचे.

"कोणी बांधलं गं?"

"एक बाई आली होती," वंदना म्हणाली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. "म्हणे, 'मी कोनाले सांगतलंच नोतं, तू तुया ताईले सांग.' ताई, मले सारखी ते विहीर दिसते वं... लेकराले पाहून बी काईच वाटत नाई."

बाबांशी भांडून तिला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही बाधा नाही, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आहे. उपचारानं बरं होतं. बाबा भिंतीला टेकून खाली बसले. "मंग तुया मायचंबी हेच होतं का वं?" म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

गोळ्या, डॉक्टरांशी बोलणं... वंदना हळूहळू सावरली. आता लेकीच्या मागे धावून दमते.

फडकं तिनंच झोपेत सोडून बांधलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणून पाहिलं. पण तिनं ती गाठ कधी पाहिलीच नव्हती.

आणि आई खरंच आली होती, तर मला का नाही दिसली? मी तर पलीकडे स्वयंपाकघरातच होते... एक हाक मारायची होती.