सरळ नळीला वाकडी म्हणणारा डोळा

आमचा मालक झेबुलन थ्रॉल मुळात लोहाराचा पोर. बारा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात बंदुकीच्या नळ्या सरळ करून त्याने अमेरिकेत कनेक्टिकट नदीकाठी स्वतःचा कारखाना काढला, चाळीस माणसं ठेवली. पण नळ्या तपासायची खिडकी काही कुणाला दिली नाही. तिच्या काचेवर काळी पट्टी रंगवलेली होती. नळी तिकडे धरून आत पाहायचं. पट्टीची सावली सरळ उतरली तर नळी सरळ, मोडलेली दिसली तर हातोडा. मी बंदुकीचे दस्ते घडवणारा सुतार, मला नळीत नुसता अंधार दिसायचा. या माणसाला काय दिसतं, याचं मला भारी कुतूहल.

यादवी युद्ध संपलं, बंदुकांची मागणी आटली. राज्याच्या पलटणीसाठी तीनशे रायफली हव्या होत्या. ती ऑर्डर मिळाली तरच आम्ही तगणार होतो. आणि नेमक्या तेव्हाच नळ्या वाकड्या निघू लागल्या. मालकाने खापर फोडलं नळ्यांना भोक पाडणाऱ्या एनस पेटिबोनवर.

"तुझा हात गेलाय."

"माझ्याकडून जातात तेव्हा सरळ असतात," एनस म्हणाला. सगळ्यांदेखत त्याला काढलं.

रविवारी चर्चबाहेर मालकाने मला विचारलं, "कळस कुणी वाकडा बसवला रे?"

"कळस ठीक आहे. तुमची मान वाकडी असेल."

तो हसला नाही. त्याने डावा डोळा झाकला, मग उजवा, पुन्हा डावा. "उजव्याने बघितलं की वाकडा," तो पुटपुटला. मी गंमत बघत होतो, आणि एकदम माझ्या लक्षात आलं. नळी तो उजव्याच डोळ्याने बघायचा. चांगल्या नळ्या हा माणूस ठोकून ठोकून वाकड्या करत होता.

"बोलू नकोस कुठे. मंगळवारी राज्याचा तपासनीस येतोय."

"आणि एनस?"

मालक पाठ फिरवून चालू लागला. मला त्याचा राग आला, कीवही आली.

सोमवारी मला सोबत घेऊन तो एनसच्या दारात गेला. एनस मका सोलत होता, उठला नाही.

"परत ये. पगार वाढवतो."

"काढलंत चाळीस जणांपुढे. बोलवा तेही त्यांच्यापुढेच."

मंगळवारी तपासनीस खिडकीशी उभा असताना मालकाने यंत्रं थांबवायला लावली. निरोप मिळालेला एनस दारात येऊन उभा होता.

"एनसच्या नळ्या सरळ होत्या," मालक म्हणाला. "माझा डोळा बिघडलाय. वाकड्या मी केल्या."

तपासनीसाने वही मिटली आणि टोपी घातली. ऑर्डर गेली, हे सगळ्यांना कळलं.

एनस आत आला, त्याने एक वाकडी नळी उचलून खिडकीकडे धरली.

"मी बघतो, मालक. हातोडा तुम्ही मारा."

मालकाने हातोडा उचलला. एनसने नळी ऐरणीवर ठेवून जागा दाखवली, आणि मालकाने तिथेच पहिला घाव घातला.