गेणूची दुसरी गाडी

लोणावळ्याची शेवटची दुकानं मागं पडली आणि कुरवंड्याकडं जाणारा रस्ता चढाला लागला, की डाव्या हाताला कैलासचं गॅरेज लागतं. पत्र्याची शेड, भिंतीला टांगलेले पाने आणि गिऱ्हाइकाला बसायला एक लाकडी स्टूल. पाटी नाही. तिची गरजही कधी पडली नाही, कारण शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं मोठमोठ्या गाड्या घेऊन डोंगर बघायला जातात, त्यातल्या कुणाची चेन तुटते, कुणाचा क्लच जळतो, आणि रस्त्यात कुणालाही विचारलं तरी तो कैलासचंच नाव सांगतो.

कैलास पन्नाशीला टेकला आहे. तीस वर्षं त्यानं हेच काम केलं. गाडी दुरुस्त झाली की तो ट्रायल मारतो, शेडपासून वरच्या वळणापर्यंत आणि परत. सगळं मिळून दोन किलोमीटर. या तीस वर्षांत त्याच्या बुडाखालून गेली नाही अशी गाडी सापडणं कठीण, पण दोन किलोमीटरच्या वर एकही नाही. वळण आलं की फिरायचं. मालक स्टुलावर वाट बघत असतो. किल्ली त्याच्या हातात द्यायची, आणि तो उताराला लागला की आवाज ऐकत उभं राहायचं.

स्वतःची त्याच्याकडं एक शंभर सीसीची गाडी आहे, डब्याची पिशवी अडकवलेली. दोन मुलींची शिक्षणं झाली, लग्नं झाली, शेडचा पत्रा दोनदा बदलला. मोठ्या गाडीचा विषय त्यानं घरात कधी काढला नाही.

गेणू त्याचा लहानपणापासूनचा मित्र. एकाच आळीतला, एकाच वर्गातला. आंबीच्या एका कंपनीत मशीनवर आहे. हा गेणू मुलखाचा भित्रा. पोरपणी कैलासच्या मागं बसला की दोन्ही हातांनी त्याची कंबर आवळायचा आणि घाट संपेपर्यंत डोळे मिटून घ्यायचा. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी तो शेडमध्ये येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "कैल्या, म्या दुसरी गाडी घेतोय."

"पयलीला काय झालं?"

"तिला काय धाड भरलीय? ती कंपनीला जायला. ही रविवारची. ती वाकून चालवायची असती बग, पोरं घिऊन येत्यात तसली. सेकंडहँड घ्यायची."

कैलास प्लग पुसत होता. पुसून झालेला प्लग तो पुसतच राहिला.

"आन वाकनार कोन? तुजं हे पोट?"

"पोट टाकीवर ठिवीन की," गेणू म्हणाला. "तू फकस्त संगं चल. मला त्यातलं काय कळतंय? तू म्हनशील ती घ्यायची."

त्या दिवशी जेवताना कैलासनं बायकोला, सारिकाला, ही बातमी सांगितली.

"बरं झालं," ती म्हणाली. "हौस हाय भावजींना."

"हौस हाय, अक्कल न्हाई. चौथा गिअर टाकताना पाय चाचपडतो त्याचा."

सारिकानं त्याच्या ताटात भात वाढला. "तुमाला घ्यायची व्हती का?"

"मला कशाला? मी रोज चालवतो."

कैलासनं भात अर्धा टाकला.

त्याला राग नेमका कशाचा आला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. गेणूनं काही त्याचं हिसकावून घेतलं नव्हतं. पण शहरातली पोरं गाड्या घेऊन येतात ती परकी. त्यांचं असतं, आपलं नसतं, एवढ्यावर मन गप्प बसतं. गेणू परका नव्हता. तोच डोंगर, तीच शाळा. आणि ज्याला पुढचा ब्रेक कुठल्या हाताला हे आठवावं लागतं, त्यानं रविवारी वाकून घाट उतरायचा.

पहिली गाडी बघायला ते तळेगावला गेले. निघताना गेणूनं एक गोष्ट पक्की केली. त्याच्या घरात शर्यतीचे बैल असायचे आणि बैल बघण्याची त्यांच्याकडं एक रीत होती. घेणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. पारखी जनावरावरून हात फिरवणार, आणि पसंत नसलं तर नुसते हात झटकून बाजूला होणार. कुणाच्या दारात त्याच्या जनावराला नाव ठेवायचं नाही.

"तसंच करायचं," गेणू म्हणाला. "तू हात झटकलं का आपन निगायचं."

गाडी कोमल नावाच्या मुलीची होती. हिंजवडीला नोकरी करणारी, तिशीच्या आतली. चेन्नईला बदली झाली म्हणून गाडी विकायची होती. निळी, तीनशे सीसीची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली. तिनं कव्हर काढलं आणि सर्व्हिसचे सगळे कागद तारखेवार लावलेली फाइल पुढं केली.

कैलासनं फाइल बघितली नाही. तो खाली बसला. शॉकअपवर तेलाचा ओघळ नव्हता. चेनला वंगण होतं, पण चिखल नव्हता. नटांच्या कडा कोऱ्या होत्या, म्हणजे कुणी आडमुठ्यानं पाना घातलेला नव्हता. इंजिन सुरू केलं तर थंड असूनही एका दमात लागलं.

"काका, लांब चक्कर मारून या," कोमल म्हणाली. "मला घाई नाही."

कैलास निघाला. गावाबाहेर पडला, आंबीच्या रस्त्याला लागला आणि इंद्रायणीवरचा पूल आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण अजून फिरलो नाही. तो तसाच पुढं गेला. सहाव्या गिअरला गाडी अशी शांत झाली की तिचा आवाज मागं राहतोय आणि आपण पुढं जातोय असं वाटावं. कंपन्यांची कुंपणं संपली, भाताची कापलेली खाचरं लागली. पाऊण तासानं तो परत आला तेव्हा त्याचे गुडघे दुखत होते आणि चेहरा ओळखू येत नव्हता.

"कशी हाय?" हे गेणूनं विचारलं नाही, रीतीप्रमाणं गप्प राहिला. पण त्याला राहवेना. कैलास उतरल्याबरोबर तो गाडीवर बसून बघायला लागला. दोन्ही पाय जमिनीला टेकले. वाकला, पोट टाकीवर ठेवलं आणि हँडल धरून लहान पोरासारखा हसला. कोमलनं त्याच्याच मोबाइलवर त्याचा फोटो काढून दिला.

कैलास ते बघत उभा होता. अंगात अजून इंजिनाची थरथर होती. आता ही किल्ली याच्या खिशात जाणार. दर रविवारी हा माझ्या शेडवरून जाणार. वर हॉर्नही देणार.

त्यानं हात झटकले आणि बाजूला झाला.

गेणूचं हसू मावळलं. तो निमूट उतरला, "बरंय ताई, कळवतो," म्हणाला, आणि दोघं बाहेर पडले. टपरीवर चहा हातात आल्यावर त्यानं विचारलं, "काय निगालं?"

आता काहीतरी सांगणं भाग होतं. "चेसिसला मार हाय," कैलास म्हणाला. "पुडनं ठोकलीया. पेंटखाली दाबलंय."

"दिसत तर काय नव्हतं."

"तुला दिसलं असतं तर मला कशाला आनला?"

"ते बी खरंय," गेणू म्हणाला. "वाचलो रं बाबा तुज्यामुळं."

तो गप्प बसला असता तरी बरं झालं असतं. त्यानं कंपनीत सांगितलं, आळीत सांगितलं, की तारखेवार कागद असलेली गाडी कैलासनं नुसता हात फिरवून ओळखली. माणसं जुनी गाडी घ्यायच्या आधी शेडवर दाखवायला आणू लागली. पुढचे तीन रविवार कैलास गेणूबरोबर हिंडला. एका गाडीचं इंजिन धूर ओकत होतं, दुसरी खरोखरच ठोकलेली होती, तिसरीचे कागद दुसऱ्याच गाडीचे होते. प्रत्येक वेळी त्यानं खरे हात झटकले, आणि प्रत्येक वेळी गेणू म्हणाला, "तू हाईस म्हनून. न्हायतर म्या फसलो असतो." कैलासला ते ऐकवत नव्हतं, पण गेणू गाडीवाचूनच घरी जातोय हे बघून बरंही वाटत होतं.

एका मंगळवारी दुपारी निळी गाडी शेडपुढं उभी राहिली. कोमलनं हेल्मेट काढलं.

"काका, तुमच्या मित्रांचा मला फोन आला होता," ती म्हणाली. "ताई, गाडीला मार आहे, जपून चालवा, म्हणाले. मी गाडी कधी पाडलेली नाही. पण कंपनीच्या पार्किंगमध्ये दिवसभर उभी असते, कुणी मागे घेताना ठोकली असेल तर मला कळणारही नाही. दोन ठिकाणी दाखवली. दोघंही म्हणाले, काही नाही. मग विचारत विचारत इथं आले. सगळे म्हणतात, तुम्ही सांगितलं म्हणजे असणार. मला दाखवा कुठे वाकलीय ते."

कैलास फडक्याला हात पुसत राहिला. "त्यांना दिसलं न्हाई म्हंजे... बारीक असंल."

"बारीक असू दे. बारीक असली तरी ती मी कुणाला विकणार नाही. उद्या एखादा पडला तर? भंगारात देईन. फक्त एकदा डोळ्यांनी बघायचंय."

कैलासनं गाडीकडं बघितलं. पूल आणि खाचरं ओलांडून त्याला घेऊन गेलेली ती गाडी त्याच्या एका शब्दावर भंगारात जायला निघाली होती. आपल्याला मिळत नसेल तर कुणालाच मिळू नये, इथवर त्याचा विचार गेला नव्हता असं नाही. पण डोळ्यांपुढं त्या इंजिनाचे तुकडे आले.

त्यानं सुतळीचं बंडल काढलं. मागच्या चाकाला सुतळी लावली, दोन्ही बाजूंनी पुढं ताणून दोन विटांना बांधली. पुढचं चाक बारीक, त्यामुळं दोन्हीकडं थोडी फट राहते. ती फट सारखी असली की गाडी सरळ.

"बगा," तो म्हणाला. "बोट घालून बगा."

कोमलनं वाकून दोन्हीकडं बोट घातलं. "सारखीच आहे."

"सरळ हाय गाडी. आदीपास्नं सरळ हाय."

"मग त्या दिवशी?"

कैलासनं गेणूला फोन लावला. गेणूची पहिली पाळी सुटली होती. तो तासाभरात त्याच्या जुन्या गाडीवर आला. निळी गाडी, कोमल, ताणलेली सुतळी, सगळं बघून म्हणाला, "काय चाललंय?"

"गाडीला काय झाल्यालं न्हाई," कैलास म्हणाला. "म्या खोटं सांगितलं तुला."

"कशापायी?"

"तुला मिळू ने म्हनून."

रस्त्यानं एक एसटी चढावर कण्हत गेली. गेणूला चिडताना कैलासनं आजवर दोनदाच पाहिलं होतं. आता तो चिडला असता तर कैलासला बरं वाटलं असतं.

"मला म्हनायचं व्हतंस," गेणू म्हणाला. "लेका, तू चालीवली असतीस की. मला कुटं येती?"

कैलासनं मान खाली घातली. त्याला हे नको होतं. दुसऱ्याच्या गाडीवर चक्कर तर तो रोजच मारत होता.

गेणू गाडीपाशी गेला. एका बाजूची सुतळी त्यानं विटेपासून सोडली. "आता म्या लावतो," तो म्हणाला. "धर तिकडनं."

कैलासनं टोक धरलं. गेणू गुडघ्यावर बसला. त्याला सुतळी नीट ताणता येत नव्हती, तीन वेळा सुटली. मग त्यानं इकडून बोट घातलं, तिकडून घातलं, पुन्हा इकडून घातलं. उठला आणि कैलासकडं न बघता कोमलला म्हणाला, "ताई, घेतो."

गाडी आता गेणूकडं आहे. रविवारी तो शेडवरून जातो, तिसऱ्या गिअरमध्ये, जिथं पाचवा हवा तिथंही तिसऱ्याच गिअरमध्ये. कैलासला ते ऐकून अजून दात आवळावेसे वाटतात. हॉर्न मात्र गेणू देत नाही.

पहिल्या सर्व्हिसिंगला तो गाडी कैलासकडंच घेऊन आला. कैलासच्या खोट्याची गोष्ट एव्हाना आळीत पोचली होती. लोकांना वाटलं, गेणू झालं गेलं विसरला. पूर्वी तो किल्ली फेकून बाजारात जायचा आणि संध्याकाळी उगवायचा. यावेळी त्यानं स्टूल ओढून गाडीच्या अगदी शेजारी घेतलं आणि कैलासचे हात चालतील तिकडं बघत राहिला.

"तासभर लागंल," कैलास म्हणाला. "जा, च्या पिऊन ये."

"ऱ्हाऊ दे," गेणू म्हणाला. "हितंच बरा हाय."