पैलवानाचा नकार

लिंबाजी पैलवानानं डॉक्टरला पायाला हात लावू दिला नाही, यावरून पुसेगावापासून हिंगोलीच्या बाजारापर्यंत माणसं भांडली. त्यातलं खरं काय, ते एकटी मी जाणते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यासोबत उभा जन्म काढला — त्यालाही नाही. आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा तिच्या उशाशी बसले होते, शब्द ओठापर्यंत आला होता — गिळला. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढंच असेल कदाचित.

लिंबाजी माझा दीर. निजामाच्या राज्यातली ती शेवटची शेवटची वर्षं. औंढ्याच्या जत्रेत असो की हिंगोलीच्या उरुसात, शेवटची मोठी कुस्ती त्याची असायची. लग्न केलं नव्हतं, करणार नव्हता. सासू-सासरे मी यायच्या आधीच गेलेले, त्यामुळे त्याचं खाणंपिणं, कपडेलत्ते सगळं माझ्याकडे. आमच्या शेळ्या-मेंढ्या होत्या, थोडी जमीन होती. घरात दूध निघायचं त्यातलं पहिलं पैलवानाच्या लोट्यात जायचं. उरलं तर बाकीच्यांना. आमचे हे थोरले, पण स्वभावानं अगदी गरीब. घरात शब्द चालायचा तो लिंबाजीचा.

वाईट माणूस होता का? नव्हता. मला कधी वाकडं बोलला नाही. सणाचं लुगडं तोच आणायचा. म्हणून तर सांगायला जड जातं. वाईट असता तर मी हे केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

मला एक मुलगी होती. कौसा. नुकती नीट बोलायला लागली होती. काकाच्या खांद्यावर बसून तालमीपर्यंत जायची, आणि त्याचे कान धरून त्याला इकडे वळ, तिकडे वळ करायची. एका थंडीत तिचा घसा धरला. आधी ताप, मग श्वास घरघरायला लागला. शाळेचे मास्तर बघून गेले. म्हणाले, हिंगोलीच्या दवाखान्यात यावर सुई आहे, आजच्या आज न्या. गाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. ह्यांनी बैल सोडून गाडीला जुंपले.

तेवढ्यात लिंबाजी तालमीतून आला. दुसऱ्या दिवशी औंढ्याला त्याची कुस्ती होती आणि गाडी त्याला हवी होती. पण गाडीचं तो बोलला नाही. अंगणात चार माणसं जमली होती, त्यांच्या देखत त्यानं स्वतःच्या छातीवर हात मारला. म्हणाला, "आमच्या घरात आजवर सुई शिरली न्हाई. माझ्याकडं बघा. लेकराला हळद अन् मध चाटवा, उतरन सकाळपर्यंत."

माणसांनी माना डोलावल्या. असं अंग असलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? ह्यांनी बैल परत दावणीला बांधले. मी दिराच्या पाया पडले. त्यानं मागे सरून मला उठायला सांगितलं. म्हणाला, "वयनी, काहून घाबरून राहिल्या? मी हाय ना."

सकाळी गाडी औंढ्याला गेली. दुपारी कौसा गेली.

संध्याकाळी तो आला तो अंगभर गुलाल घेऊन, हातात बक्षिसाचं चांदीचं कडं. दारातच कळलं त्याला. तिथंच खाली बसला आणि रडला. खोटं कशाला सांगू — मोठ्यानं रडला. आणि मग? दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तालमीत गेला. मी त्याचं दूध तापवून ठेवलं होतं. तो आला, प्यायला, लोटा मी घासला. पुढची कितीतरी वर्षं घासला. माझ्या मनात काय चाललं होतं, हे त्याला कळलं नसेल का? मला तर वाटायचं, माझ्या हातावर ते दिसत असेल. पण मी हसायची, वाढायची, ओवाळायची. वाट बघत होते — कशाची, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मग विलायतेतल्या लढाईचे दिवस आले, रॉकेल मिळेना झालं होतं तेव्हाची गोष्ट. तालमीत नुसता जोर चालला असताना मातीतलं फुटकं खापर लिंबाजीच्या नडगीत घुसलं. त्यानं हसत काढून टाकलं, वर आखाड्याच्या हौदातली लाल माती दाबली. आठवडाभरात पाय मांडीपर्यंत सुजला. कातडी काळीनिळी झाली. जखमेला वास यायला लागला.

तालमीचे वस्ताद करीमचाचा. लिंबाजीला लहानाचा मोठा त्यांनीच केला होता, पोटच्या पोरासारखा. ते स्वतः हिंगोलीला जाऊन दवाखान्याच्या डॉक्टरला घेऊन आले. डॉक्टर हैदराबादेकडचा, तरुण, कमी बोलणारा. त्यानं पाय बघितला आणि सांगितलं — आज चीर देऊन पू काढावा लागेल. उशीर केला तर पाय कापावा लागेल. त्याहून उशीर केला तर माझ्या हातात काही राहणार नाही.

लिंबाजी सगळ्यांच्या देखत हसला. "डाक्टरसाब, या अंगाला लोखंड लागलं न्हाई अजून. मातीनं घडवलं, मातीच बरं करन."

हे त्याचं स्वतःचं बोलणं. यात माझं काही नाही. इथपर्यंत तुम्हीही मला दोष देऊ शकणार नाही — पण पुढचं ऐका.

ते बोलणं वाऱ्यासारखं पसरलं. सेनगावच्या बाजारात, हिंगोलीच्या कापसाच्या वखारींपाशी, नदीवर धुणं धुताना, जिथं बघावं तिथं एकच विषय. कुणी म्हणे, याला म्हणतात ब्रह्मचारी, सरकारी दवाखान्यात गेलेला माणूस आडवाच परत येतो. कुणी म्हणे, वेडा आहे, अंगातली ताकद वेगळी आणि पू वेगळा. मास्तर आणि तालमीतली पोरं तर पारावर हातघाईवर आली. एका कीर्तनकारानं कीर्तनात त्याचं नाव घेतलं. परगावची माणसं गाड्या जुंपून बघायला यायला लागली, काहीजण नारळ घेऊन. करीमचाचा एकेकाला समजावत होते. "अल्लानं डाक्टर काहून पैदा केले? तकलीफ भोगत बसायला व्हय?" त्यांचं कोण ऐकणार?

आणि लिंबाजी? तो आतल्या खोलीत. कण्हताना कुणी बघू नये म्हणून त्यानं सगळ्यांना यायला बंदी केली होती — भावालासुद्धा. फक्त मी आत जायची. पाणी मी द्यायची, चिंध्या मी बदलायची. त्याचं बाहेर सांगायचं ते मी, बाहेरचं आत सांगायचं ते मी. कळतं का तुम्हाला? त्याचं तोंड म्हणजे मी होते.

त्या दुपारी डॉक्टर दुसऱ्यांदा आला. करीमचाचांनीच हात जोडून आणला होता. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर पेटी घेऊन ओसरीच्या कडेला उभा राहिला आणि मला म्हणाला, "बाई, एक बार और पूछके आओ."

मी आत गेले. लिंबाजीचे ओठ फुटले होते. त्यानं माझं मनगट धरलं — तो हात अजून केवढा जड होता. हळू आवाजात, बाहेर जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "वयनी, डाक्टरला बोलवा. लोकांचं जाऊ द्या. पाय न्या म्हणा, पण जीव ठिवा."

काय वाटलं मला? खरं सांगू? माझ्या आत कुणीतरी गार पाणी ओतल्यासारखं झालं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. मला काही विचार करावा लागला नाही. मी त्याचा हात माझ्या मनगटावरून सोडवला, खाली ठेवला, त्याच्या अंगावरची घोंगडी सारखी केली. दारात आले. डोक्यावरचा पदर ओढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले —

"भावजी न्हाई म्हणतेत. जीव गेला तरी सुरी लावू देनार न्हाईत."

अंगणातून जयजयकार उठला. तालमीतली पोरं रडायला लागली, अभिमानानं. डॉक्टरचा विश्वास बसला नसावा. तो दाराकडे आला, म्हणाला, मी स्वतः विचारतो. मी दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिले. "आत कुणाला सोडू नका म्हणलेत." परक्या बाईला हात लावून बाजूला करणार थोडाच? तो थांबला, माझ्याकडे बघत राहिला, आणि पेटी उचलून निघाला. करीमचाचा त्याच्या मागे धावत गेले आणि एकटेच परत आले.

मी पुन्हा आत गेले. लिंबाजीनं सगळं ऐकलं होतं. भिंत ती केवढी? तो माझ्याकडे बघत होता. चिडलेला नव्हता. विचारलं, "वयनी, कौसा काय?"

मी म्हणाले, "व्हय."

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरची गाडी अजून वेशीतही पोचली नसेल. त्यानं एक हाक मारली असती तर दहा माणसं धावली असती. मारली नाही. का नाही मारली? बाहेर त्याच्या नावाचा जयजयकार चालला होता म्हणून? की माझं उत्तर त्याला पटलं म्हणून? पुष्कळदा वाटतं, त्यानं स्वतःच मरण कबूल केलं असेल, असं समजून झोपावं. पण हाक मारायला त्याच्यात किती त्राण उरलं होतं, तेही मी बघितलं होतं. आणि मला हेही ठाऊक आहे की त्यानं हाक मारली असती, तर मी ती दाबायला बघितली असती.

त्याला जायला फार दिवस लागले नाहीत. शेवटी शेवटी भ्रमात होता, तालमीतले डाव सांगायचा. मी तोंडात पाणी घातलं तर प्यायचा. माझ्याच हातचं प्यायचा.

त्याच्या मातीला आठ-दहा गावं लोटली. तालमीशेजारी चौथरा बांधला. आमचे हे पोरासारखे रडले, आणि लोक त्यांना सांगायचे, रडू नका, तुमच्या भावानं शब्द पाळला. कुठला शब्द? तो माझा होता. पण वाद तिथं मिटला. ज्यांनी वेडा म्हटलं होतं, तेही चौथऱ्यापाशी चप्पल काढायला लागले. करीमचाचा मात्र पुन्हा तालमीत आले नाहीत.

आणि मी? मी त्या रात्री गाढ झोपले. ते गोड वाटणं पुष्कळ दिवस टिकलं, सांगितलं पाहिजे. चौथऱ्यावर बायका दिवा लावायच्या तेव्हा मी लांबून बघायची आणि मनात म्हणायची — बस आता तिथं.

एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी तुम्हाला सांगितलंही नसतं.

रझाकारांची धामधूम सुरू झाली होती, त्याच सुमारास मुलखात पटकी आली, कॉलरा म्हणतात तो. सरकारी माणसं गावोगाव सुया घेऊन फिरायला लागली. आमच्या गावातही आली, पारावर बसली. एकानंही दंड पुढे केला नाही. पाटलानं त्यांना चौथरा दाखवला. म्हणाला, आमच्या पैलवानानं जीव दिला पण लोखंड लावू दिलं नाही, आमी त्याच्या गावचे. माणसं हसली. सरकारी माणसं दुपारीच पुढच्या गावाला गेली. शेजारच्या गावात ती मुक्कामाला होती, कुणाला जायचं असतं तर जाता आलं असतं.

मी तिथं नव्हते. पटकीचं नाव कानावर आल्याबरोबर मी माहेरी गेले होते, कळमनुरीच्या पुढे, वारंग्याकडे. आईला बघायला जाते म्हणून सांगितलं होतं. तिथं रांगेत उभी राहिले, टोचून घेतलं आणि परत आले. दंड चोळीखाली ठणकत होता.

परत आले त्याच संध्याकाळी शेजारची सून शांता आली. कडेवर लेकरू. मला खूप मानायची, पैलवानाच्या घरची म्हणून. म्हणाली, "वयनी, सासूच्या चोरून जाऊन पोराला टोचून आणू काय? तुमी सांगाल तसं करते."

हो म्हणायचं होतं फक्त. शांतावर तर माझा काही राग नव्हता. तिनं माझं काय बिघडवलं होतं? पण हो म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग पैलवान काहून न्हाई म्हणाले? आणि मी —

मी म्हणाले, "मी पैलवानाच्या घरची. मी काय सांगू?"

तिनं मान हलवली. पदर सावरला आणि लेकराला घेऊन घरी गेली. पटकी गावात शिरली तेव्हा आधी तिचं पोर गेलं, आणि तिसऱ्या दिवशी ती.

लिंबाजीसाठी मला कधी रडू आलं नाही. आजही येत नाही. त्याचं माझं जे होतं ते त्याला कळलं होतं, त्यानं विचारलं आणि मी सांगितलं. शांताला मी काहीच सांगितलं नाही. ती मला विचारायला आली होती.