द्वारकाताईंचा कावळा

दहाव्याहून येऊन अंघोळ करते, दुपारची जरा पाठ टेकते, तोच पंख्याच्या घरघरीत कावळे ओरडायला लागतात. डोळे मिटलेत की उघडे, कळत नाही. उशीखाली वाळू लागते. मी परत कृष्णेच्या घाटावर आहे.

समोर पिंड तसाच. आणि पलीकडे इस्त्रीचं पातळ नेसून स्वतः द्वारकाताई राजोपाध्ये बसल्यात. आमच्या शेजारच्या. जन्मात कुणाकडून साखरेची वाटी घेतली नाही, कुणाला 'या, बसा' म्हटलं नाही, त्या!

"काय गं रोहिणी, काय पोरखेळ मांडला होतात मघाशी?"

"मग काय करणार? कावळा शिवेना. तुमचा भाचा म्हणाला, घर विकणार नाही. मी म्हटलं, तुळशीला पाणी घालीन. समोरच्या घरातल्या नानांनी तर तुमचं मांजरसुद्धा सांभाळायचं कबूल केलं."

"आणि शेवटी दर्भाचा कावळा टेकवून उरकलंत! मला गवताचा कावळा?"

मेल्यावरही बाईचा तोरा तस्साच. माझं डोकं फिरतं. पण जीवही तुटतो. खरंच अडकून राहिल्या असल्या तर?

"अहो, मग सांगा ना काय राहिलंय! मी करते."

"मी मागू? मी कधी कुणाकडे काही मागितलंय?"

त्या उठून घाटाच्या पायऱ्या चढतात. मी मागोमाग. पायऱ्या संपतात तो त्यांच्याच घराचा ओटा. दार बंद. त्या कुठंच नाहीत, आवाज तेवढा आतून येतो.

"तापात पडले होते ना, तेव्हा ओट्यावर तुझ्या चपला वाजल्या. आलीस, थांबलीस, गेलीस."

"मला वाटलं, आतून कडी आहे. हाक मारायला काय जीभ झिजत होती तुमची?"

"आणि लोटून बघायला तुझे हात झिजत होते?"

मी दाराजवळ सरकते.

"कडी मी कधी लावलीच नाही गं." आवाज एकदम बारीक होतो. "कुणी लोटूनच बघितलं नाही."

मला रडू फुटतं, आणि संतापही येतो त्या बाईचा. दोन्ही हातांनी मी दार लोटते. ते इतकं सहज उघडतं की मी तोंडावर आपटते.

जागी होते तर नवरा चहा घेऊन उभा.

"ओरडत काय होतीस? आणि हे हातांना काय लागलंय?"

दोन्ही तळव्यांना निळ्या रंगाचे पोपडे चिकटलेत. द्वारकाताईंच्या दाराचे. आणि त्या दाराला मी आजवर कधी हातसुद्धा लावलेला नाही.