वडनेरला नेलेली पाच किलो ज्वारी

गेल्या वर्षी मधुमेहापायी मामाच्या पायाचं एक बोट कापलं. आता शेजारच्या बोटाला जखम झाली, तेव्हा डॉक्टर वैतागले. पांढरा भात आणि टोस कमी करा, ज्वारीची भाकरी खा. कोंड्यासकट धान्य सावकाश पचतं, साखर एकदम चढत नाही. मामा हो म्हणाला आणि संध्याकाळी चहात टोस बुडवत बसला. त्याच्या सुनेने, मीनाने, फोनवर हे सांगितलं आणि मी पुण्याहून निघाले.

वर्ध्याला रेल्वेतून उतरून हिंगणघाटची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, रस्ताही बरा. दोन्हीकडे कपाशी, सोयाबीन, तूर. ज्वारीचं कणीस औषधालाही नाही. शेवटी हिंगणघाटच्या बाजारात पाच किलो मिळाली, तीही सोलापूरकडची. ती पिशवी घेऊन वडनेरला पोचले.

स्वतः का पेरत नाहीस, असं मामाला विचारलं.

"रानडुकरं पीक ठेवतेत का? रातभर जागलीले कोण जाईन?"

मला एकच किलो दळायची होती. चक्कीवाला ऐकेना. "जवारी कोणी आणतच नाई, ताई. किलोभरासाठी चक्की साफ करू का? पुरी दळा, नाई तं घेऊन जा."

पुरी दळली. गरम भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा. मामाने दोन भाकरी खाल्ल्या आणि दुपारी टोस मागितला नाही. "पोटाले आधार वाटते, बाई," म्हणाला. मीनाची पहिली भाकरी तव्यावर जाण्याआधीच तुटली, पण मी निघेपर्यंत तिला जमू लागली. परतीच्या गाडीत मी फार खुशीत होते.

तीनेक आठवड्यांनी मीनाला फोन केला.

"पीठ कडू झालतं, ताई. बाबा थुंकले. मंग गाईले चारलं."

"दुसरं दळून आण ना."

"हिंगणघाटले जाच, पाच किलो आनाच, पुन्हा कडू होऊ द्याच. शेत कोण पाहीन?"

"मग मामा काय खातो?"

"टोस."

तिच्यावर चिडावं असं तिने काही केलं नव्हतं. अख्ख्या दाण्यात तेल असतं. तेच अंगाला चांगलं आणि त्यानेच पीठ खवट होतं. मैद्याचा टोस डब्यात महिनाभर कुरकुरीत राहतो. हे सगळं मला माहीत होतं आणि काहीच उपयोग झाला नाही.

मी घरी रोज भाकरी खाते. परवा ताटावर बसले असताना मीनाचा फोन आला. दुसरं बोटही काढलं. मामा विचारत होता म्हणे, तू पुन्हा कधी येतेस भाकर टाकाले.