भाकरीची दारू

आई गेल्यावर चार महिन्यांनी मी बाबांना पुण्याहून मस्कतला घेऊन आले. २०१४ चा हिवाळा होता. तिथल्या अझैबा भागातल्या एका लहानशा क्लिनिकमध्ये मी फार्मासिस्ट होते. बाबांचं जेवण जवळजवळ सुटलं होतं. टॉनिक आणलं की ते बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत आणि अल्कोहोलचा अंश दिसला की बाटली परत करत. त्यांचा धाकटा भाऊ ऐन तिशीत दारूपायी गेला होता. तेव्हापासून घरात तिचा वाससुद्धा चालत नसे.

आमच्या क्लिनिकमधले डॉक्टर इजिप्तचे. साठीला आलेले, नमाज न चुकवणारे. एका शुक्रवारी संध्याकाळी ते बाबांना बघायला घरी आले. तपासून म्हणाले, शरीरात काही बिघाड नाही. मग चहाला थांबले. बाबा निवृत्त इतिहासशिक्षक. पाहुण्याशी काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी पिरॅमिडचा विषय काढला.

डॉक्टर हसले. सगळे राजांबद्दल विचारतात, पण मला दगड ओढणाऱ्यांची आठवण येते, म्हणाले. त्या लोकांना मजुरी मिळायची ती भाकरी आणि बिअर. जवाची कच्ची-पक्की भाकरी कुस्करून पाण्यात आंबवायची आणि गाळून प्यायची. दाट, आंबूस, जवळजवळ जेवणच. मुलंबाळंही प्यायची. वैद्य तिच्यातच पाला, बिया, मध घालून रोग्याला द्यायचे. डॉक्टरांनी स्वतः ती कधी चाखली नव्हती.

बाबांनी इंग्रजीत, शब्द जुळवत विचारलं, "रोग्याला दिली तरी ती दारूच का?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "मी देणार नाही, बाबा. माझ्याकडे दुसरी औषधं आहेत. त्यांच्याकडे तीच होती. त्यांना मी वाईट म्हणू शकत नाही."

तेव्हा बाबांनी जे सांगितलं ते मलाही ठाऊक नव्हतं. शेवटच्या महिन्यात आईला अन्न जाईना, म्हणून वैद्यांनी द्राक्षासव दिलं होतं. ती ते आवडीनं घ्यायची. चार दिवसांनी बाबांना कुणीतरी सांगितलं की आसव आंबवून करतात, त्यात दारू आपोआप तयार होते. त्यांनी तिच्यादेखत बाटली बेसिनमध्ये ओतली.

डॉक्टर म्हणाले, "त्या बाटलीनं त्या वाचल्या नसत्या. आजार मोठा होता. पण कदाचित दोन घास जास्त गेले असते. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही."

ते दोन घासांचं त्यांनी कशाला बोलावं, असं मला वाटलं. बाबा मात्र तोंडावर पंचा धरून रडले. आईच्या दहाव्यालाही ते रडले नव्हते. डॉक्टर उठले नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाही. नुसते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, इथे जव मिळतील का? बरका गावाहून येणाऱ्या आमच्या क्लिनिकच्या ड्रायव्हरनं पिशवीभर आणून दिले. बाबांनी ते मिक्सरमध्ये दळले, पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवलं आणि सकाळी लसूण-जिरं घालून शिजवलं. नाचणीऐवजी जवाची आंबील. उभ्या उभ्या वाटीभर प्यायले. पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांनाही दिली. त्यांनी आधी किती वेळ आंबवली ते नीट विचारून घेतलं. एक रात्र, आणि मग उकळली, असं कळल्यावर प्यायले आणि वाटी पुन्हा पुढे केली.

बाबा मार्चमध्ये परत गेले तेव्हा दोन वेळचं जेवत होते.

बाबांवरचा माझा राग जायला मात्र वेळ लागला. त्या बेसिनपुढे आईचा चेहरा कसा झाला असेल, ते डोळ्यांसमोरून हलत नसे. एकदा फोनवर मी विचारलंच, आई तेव्हा काय म्हणाली?

"म्हणाली, वरून पाणी ओता, डाग पडेल."

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे उन्हाळा सुरू झाला का?