साहेबांच्या डोक्यातली हवा

नळ, बेसिन आणि कमोडच्या दुकानात मॅनेजर झाल्या झाल्या त्यांनी पहिला हुकूम काढला: मला साहेब म्हणायचं. सगळे म्हणू लागले. पाठीमागे 'भोंगा' म्हणायचे. साहेबांच्या एका कानाला कायम दडा बसलेला. तो मोकळा करायला ते नाक चिमटीत धरत, गाल फुगवून जोर लावत, आणि कान उघडला की तोंड उघडत. त्या कानाने कुणाचं ऐकल्याचं मात्र कुणाच्या पाहण्यात नाही.

एकदा कमोडच्या रांगेसमोर असाच जोर लावताना डोक्यात 'टक्' झालं. मग डोकं ठणकायला लागलं. खाली वाकलं की आत बुडबुड वाजे. पुढे शब्दही चुकू लागले. एका गिऱ्हाइकाला ते म्हणाले, "या आरशावर बसून बघा, गळत नाही." दुकानात कुणालाच त्यात नवीन काही वाटलं नाही.

ओळखलं ते बायकोने. जेवताना तिने त्यांची एक चूक दाखवली, तर साहेब चक्क म्हणाले, "तुझं बरोबर आहे." तिच्या हातातला डाव खाली पडला. ताटं तशीच टाकून तिने त्यांना हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी स्कॅनवरचा काळा डाग दाखवला. "यांच्या डोक्यात हवा गेलीय."

"ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्याला फोटो कशाला?" बायको म्हणाली.

"अहो, खरीखुरी हवा! कान आणि मेंदूमधल्या पातळ हाडाला भोक पडलंय. हे नाक दाबून जोर लावतात, तेव्हा हवा कानातून वर घुसते आणि तिथेच अडकते. मेंदू दाबला जातोय."

साहेबांनी बायकोचं मनगट घट्ट धरलं. मग मात्र तिची चेष्टा थांबली.

ऑपरेशन झालं. कानामागून जाऊन, हाडाचा तुकडा बसवून भोक बुजवलं. हवा हळूहळू विरली, शब्द जागेवर आले. "नाक दाबायचं नाही, शिंक अडवायची नाही, ओरडायचं तर मुळीच नाही," डॉक्टरीणबाईंनी दम भरला.

साहेब दुकानात परतले ते भेदरून गप्प. समोरचा बोलायचा, हे मान हलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "बघू." मालकांना वाटलं, दुखण्याने माणूस पोक्त झाला. त्यांनी दुसरं दुकानही साहेबांच्याच हवाली केलं. तिथली माणसं नवी आहेत. साहेब नुसते गप्प बसले तरी ती टरकतात आणि आपसांत म्हणतात, "केवढा विचार करतात!"